सरळ तलवार, दमट घर : प्रकल्प नोंदी

शनिवार, ८ मार्च २०२५

तलवार घरी आली. चौदा महिने वाट पाहिली. वेल्सच्या हद्दीजवळच्या लोहाराकडून स्वतः जाऊन आणली. सोलापुरी चादरीत गुंडाळून डिकीत ठेवली, डिकीला कुलूप. लीड्सपर्यंत वाटेत चहालासुद्धा थांबलो नाही.

मोजमापं आजच घेऊन ठेवते. पातं ६७ सेंमी. रुंदी मुठीपाशी साडेतीन सेंमी, अणीच्या अलीकडे तीन. पाठ मुळाशी ६ मिमी जाड. म्यानाविना वजन ९३५ ग्रॅम. एकधारी आणि अगदी सरळ. अणी तिरकी छाटल्यासारखी. परज नावापुरती, त्यामुळे बोट पुढे सरकलं तर थेट पात्यावर. मुठीला चांदीच्या तारेचं वेटोळं, शेवटी तीन पाकळ्यांचं लोखंडी बोंड, त्याच्या दर्शनी बाजूला एक पोवळं आणि खाली दोन बारके पिरोजे. म्यान चामड्याचं. ते लोहाराने नाही, दुसऱ्या एका कारागिराने शिवलं आहे.

लोहार तिबेटी नाही आणि तलवार तिबेटात घडलेली नाही. म्हणून या वहीत ती ‘तिबेटी धाटणीची’.

नवऱ्याने विचारलं, “आता हिचं करायचं काय?” चौदा महिन्यांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

रविवार, ९ मार्च

कामावरची लूप (डोळ्याला लावायचं भिंग) घरी आणली होती. (मी दातांच्या प्रयोगशाळेत कॅप आणि कवळ्या बनवते. धातू घासणं हा पोटापाण्याचा धंदा आहे. ही सवय पुढे नडणार आहे अशी शंका आजच येतेय.) सकाळी खिडकीपाशी बसून तासभर नुसतं पातं पाहिलं.

हिच्यात जीव अडकला तो याच रेघांमुळे. पात्याच्या लांबीभर उजळ आणि काळपट रेघा शेजारी शेजारी धावतात, अणीपाशी पोचतात, वळतात आणि परत मुठीकडे निघतात. आजीच्या अंबाड्यातला आकडा डोळ्यांसमोर आणा. एकात एक बसवलेले पाच-सहा आकडे, बाक सगळ्यांचे अणीकडे. इंग्रजीतही या घडणीला आकड्याचंच नाव आहे. कडक आणि मऊ लोखंडाच्या पट्ट्या आलटून-पालटून रचायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या आणि लांब सळी मधोमध दुमडायची. दुमड अणीकडे ठेवायची. धार येते कडक थरामुळे, मऊ थर पातं तुटू देत नाही. जुन्या तिबेटी पात्यांत या रेघा दोन प्रकारच्या लोखंडांमधल्या फरकाने उमटतात. माझ्या लोहाराने जास्त कर्बाचं पोलाद आणि निकेल असलेलं पोलाद वापरलंय. आम्लात बुडवलं की कर्बाचं काळवंडतं, निकेलचं उजळ राहतं. म्हणजे माझ्या रेघा खऱ्याच, पण जुन्यांपेक्षा जरा जास्त ठसठशीत. नव्या पैठणीसारख्या.

अशी तलवार पहिल्यांदा पाहिली ती इथेच, रॉयल आर्मरीजमध्ये. फुकट संग्रहालय, पावसाळी रविवार, सोबत कंटाळलेला लेक. सरळ तलवार म्हटल्यावर आपल्याला धोप आठवते, म्हणून थांबले आणि मग रेघा दिसल्या. जुनी घ्यावी असंही काही दिवस डोक्यात होतं. पण ब्रिटनमधल्या जुन्या तिबेटी शस्त्रांचा माग काढायला लागलं की वाट पुन्हा पुन्हा १९०३-०४ वर येते. यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याची फौज ल्हासाला गेली, ३१ मार्च १९०४ रोजी गुरू गावापाशी तोड्याच्या बंदुका आणि तलवारी घेतलेल्या तिबेट्यांवर मॅक्सिम मशीनगन चालल्या, शेकडो मेले. पुढे किती वस्तू कोणाकोणाच्या सामानातून इकडे आल्या! त्या फौजेत शीख पायोनियर होते, गुरखे होते. आपलीच माणसं. तशी एखादी तलवार घरात ठेवायला मन घेईना. नवी घेतली. महाग पडली, पण कोणाच्या कमरेवरून उतरलेली नाही.

शनिवार, १५ मार्च

ठेवायची कुठे? भिंतीवर नाही. लेक नऊ वर्षांचा आहे आणि त्याचे मित्रही नऊ वर्षांचेच आहेत. कुलपाची पत्र्याची ट्रंक घेतली, ती मागच्या छोट्या खोलीत. सोबत आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या (कोरड्या असताना नारिंगी, ओलावा प्यायल्या की हिरव्या).

तेलाबद्दल आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “खोबरेल लाव की! विळीला लावतो तसं.” आमच्या साताऱ्याच्या घरी विळीला खोबरेलच असतं आणि ती विळी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. पण ती रोज वापरात आहे, रोज घासली जाते. खोबरेल इथे मार्चमध्ये बाटलीतच गोठलेलं असतं. गोडेतेल, करडई, जवस ही तेलं हवा लागली की चिकट होतात, जवस तर वार्निशासारखं सुकतं. निवड शेवटी शिलाई मशीनच्या तेलावर थांबली. पातळ खनिज तेल, वास नाही, सुकून चिकट होत नाही.

पुसायची पद्धत लोहाराने दाखवली होती. फडकं पाठीकडून चिमटीत धरायचं आणि मुठीकडून अणीकडे सरकवायचं. धारेवरून आडवं कधीच नाही. मी एकदा आडवं नेलं. फडक्याच्या दोन पट्ट्या झाल्या आणि मला आवाजही आला नाही. बोटं शाबूत.

रविवार, ६ एप्रिल

गंज.

तीन आठवडे ट्रंक उघडली नव्हती. पात्याच्या डाव्या बाजूला, मधोमध, वीतभर लांब तपकिरी ओळ. म्यानाच्या शिवणीला अगदी समांतर. शिवाय पाठीवर अंगठ्याचा ठसा, वळ्यावळ्यांसकट, पोलीस खूश होतील असा. ठसा माझाच. पहिल्या दिवशी कौतुकाने हात फिरवला होता, त्या घामातलं मीठ तेलाखाली बसून राहिलं.

ओळीचा दोष चामड्याचा. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यात आम्ल असतं आणि ते हवेतला ओलावाही धरून ठेवतं. अशा म्यानात पातं कायमचं ठेवणं म्हणजे लोणच्याच्या बरणीत चमचा विसरणं. म्यान शिवणाऱ्याने सांगायला हवं होतं, असं वाटून गेलं. पण विचारलं मीही नव्हतं.

दुसरा गुन्हेगार खोली. मापकावर ७४ टक्के! लोखंडासाठी ६०-६५ च्या वर धोका सुरू होतो. मग लक्षात आलं, त्याच खोलीत आम्ही कपडे वाळत घालतो. इथल्या हिवाळ्यात दुसरीकडे कुठे घालणार? पाच माणसांच्या धुण्याचं पाणी त्या खोलीत हवेत जातं, आणि ट्रंक होती बाहेरच्या गार भिंतीला चिकटून.

ट्रंक आज जिन्याखाली हलवली, भिंतीपासून हातभर दूर. तलवार म्यानाबाहेर, सुती फडक्यात.

रविवार, १३ एप्रिल

गंज काढला. कामावरच्या हातांनी लगेच पॉलिशची चाकं आठवून दिली. तिकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं. चाकाखाली दहा सेकंदांत गंज जातो आणि दहाव्या सेकंदाला रेघाही जातात. या रेघा म्हणजे आम्लाने खाल्लेला वरचा नखाएवढाही नसलेला थर.

वापरलं काय? दोन पेन्सचं नाणं. तांबं-कासं पोलादापेक्षा मऊ आणि गंजापेक्षा चिवट, म्हणून नाण्याची कड गंज खरवडते आणि पातं तसंच राहतं. पण नाणं जुनं हवं. १९९२ पासूनची नाणी आतून पोलादी आहेत, वर नुसता तांब्याचा मुलामा. लेकाला चुंबक आणि सुट्ट्या पैशांची बरणी दिली. त्याने पाऊण तासात चुंबकाला न चिकटणारी चार नाणी शोधली आणि चारही स्वतःच्या मालकीची असल्याचं जाहीर केलं. एक उसनं मिळालं.

तेलाचा थेंब टाकायचा, दहा मिनिटं मुरू द्यायचं, नाणं जवळजवळ आडवं धरून रेघांच्या दिशेने हलकेच ओढायचं, तपकिरी चिखल पुसायचा, परत तेल. वीतभर ओळीला अडीच तास लागले. ओळ गेली. ठशाच्या जागी लूपखाली अजून वळ्या दिसतात, नुसत्या डोळ्यांना नाही. तिथे थांबले.

रविवार, ११ मे

मुठीची चांदी काळवंडतेय. ती तशीच राहू देणार. तारेच्या खाचांतला काळेपणा नसेल तर वेटोळ्याचा पीळ दिसतच नाही. उंच भाग कोरड्या मऊ कापडाने पुसला, बस.

एक ताकीद स्वतःसाठी: चिंच, लिंबू, व्हिनेगर मुठीच्या आसपासही नको. पोवळं म्हणजे शेवटी चुनाच, आम्लाने त्याची झिलई कायमची जाते. आणि पिरोजा सच्छिद्र असतो, तेल पिऊन हिरवट पडतो. म्हणजे पात्याला तेल लावलेलं फडकं मुठीला लावायचं नाही, दोन फडकी वेगळी. (समुद्रापासून इतक्या लांबच्या तिबेटात पोवळ्याचं एवढं वेड! भूमध्य समुद्रातलं पोवळं व्यापाऱ्यांच्या हातांतून तिथवर चढत गेलं. आजीच्या अंगठीतलंही बहुतेक त्याच पाण्यातलं असेल.)

शनिवार, २६ जुलै

आज पातं परत मोजलं, तीनदा.

१ ऑगस्टपासून इंग्लंड-वेल्समध्ये ‘निन्जा तलवार’ घरात बाळगण्यावरही बंदी येतेय. २०२२ मध्ये वुल्वरहॅम्प्टनला रोनन कांडा या सोळा वर्षांच्या मुलाचा अशा तलवारीने खून झाला, तोही भलताच कोणी समजून. त्याच्या आईने पाठपुरावा सोडला नाही, कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. व्याख्या वाचताना घशाला कोरड पडली: स्थिर पातं, सरळ धार, टोकाला दुसरी तिरकी सरळ धार, पाठ बोथट. हे तर माझ्याच तलवारीचं वर्णन! पुढे लांबी आहे: १४ ते २४ इंच. माझी सव्वीसच्या जरा वर. वक्र पात्यांवरचे २००८ चे निर्बंध हिला लागूच नाहीत, ही सरळ.

म्हणजे दोन इंचांनी बाहेर. लोहाराला लिहून खात्री करून घेतली, त्याचं पत्र आणि पावती ट्रंकेत ठेवली. सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची थोडी लाजही वाटली. त्या आईच्या नजरेतून पाहिलं तर दोन इंच म्हणजे काय?

भारतात न्यायचा विचारही आज कायमचा सोडला. तिथल्या शस्त्र नियमांच्या यादीत तलवार नावानिशी आहे. विमानतळावर खुलासे देत बसायची हौस नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

म्यान स्वतः करायचं ठरलं. तिबेटी म्यान मुळात लाकडाचंच असतं. लाकडाचे दोन अर्धे, वरून चामडं, कडेने धातूची पट्टी. तिबेटात ते कमरपट्ट्यात आडवं खोचून पोटासमोर मिरवतात, खांद्याला अडकवत नाहीत. मला मिरवायचं नाही, त्यामुळे धातूची पट्टी रद्द.

लाकूड लिंडनचं, ८ मिमीच्या दोन फळ्या. ओक घरात पडून होतं, पण त्यातून आम्लाची वाफ निघत राहते. चामड्याच्या तावडीतून सोडवून ओकच्या हाती द्यायचं नाही. पात्याची रूपरेषा पेन्सिलीने काढली. आज एवढंच.

रविवार, १७ ऑगस्ट

कोरतेय. दोन्ही अर्ध्यांत पात्याच्या निम्म्या जाडीचा खळगा. पातं आत पाठीवर टेकून सरकलं पाहिजे, धार कशालाही लागता कामा नये, आणि घट्ट बसायचं ते फक्त तोंडापाशी.

कुठे घासतंय ते कळणार कसं? पाठीला काजळ फासलं. पातं खळग्यात बसवून दाबायचं, उचलायचं, लाकडावर काळा डाग दिसेल तिथे पटाशीने एक कागदाएवढा पापुद्रा काढायचा. परत काजळ. एकोणीस वेळा केलं. काजळाची डबी आईने लेकाच्या बारशाला पाठवली होती, नऊ वर्षांनी संपली.

शनिवार, ३० ऑगस्ट

घरात गणपती आहेत, तरी जोडणी उरकली. सरस वापरला नाही. जपानी म्यानं शिजलेल्या भाताच्या खळीने जोडतात, कारण पुढे आतून साफ करायचं झालं तर पातळ सुरीने ती शिवण उकलता येते. हे तिबेटी नाही, मान्य. पण आपण लहानपणी पतंग याच खळीने चिकटवले आहेत. इंद्रायणी तांदळाचा भात जरा जास्त शिजवला, पाटावर सुरीच्या पात्याने घोटला, पार गोंद होईपर्यंत. पातळ हात दोन्ही कडांना, वरून सुतळी करकचून.

लेक म्हणाला, “बाप्पाच्या नैवेद्यातला भात तलवारीला?” नैवेद्य आधी दाखवला होता, असं त्याला दोनदा सांगावं लागलं.

खळीतलं पाणी लाकूड पितं, त्यामुळे तीन आठवडे आत पातं घालायचं नाही. म्यान वजनकाट्यावर ठेवून तारखा घालायला सुरुवात केली आहे. आज २१२ ग्रॅम.

शनिवार, २० सप्टेंबर

१९६ ग्रॅम, आठवडाभर तेवढंच. सुकलं. पातं सरकवलं. शेवटच्या बोटभर अंतरावर हवा दबल्याचा एक बारीक उसासा आला आणि मूठ तोंडावर टेकली. नवऱ्याला बोलावून चारदा ऐकवला.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. आई व्हिडिओवर. पाटावर तलवार, शेजारी माझी पटाशी, लूप आणि नवऱ्याचा लॅपटॉप.

“कुठल्या देवाची गं ही?”

तिला मंजुश्रीबद्दल सांगितलं. तिबेटी त्याला जाम्पेल्यांग म्हणतात, एका हातात ज्वाळांची तलवार, दुसरीकडे कमळावर पोथी, तलवार अज्ञान तोडायला.

“म्हणजे सरस्वतीचंच काम, पण हातात शस्त्र घेऊन.” आई एवढं म्हणाली आणि तिच्या हिशेबी विषय मिटला. मग, “अगं, कुंकू लाव ना, नुसती काय बघतेस?”

मी म्हटलं, कागदावर लावते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी बोट ओलं केलं. पात्यावर हळदीची आणि कुंकवाची दोन बोटं, वर झेंडू. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा, तोवर हलवायचं नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

गुरुवारी रात्री उचलली होती. कुंकवाच्या जागी दोन गोल डाग आणि झेंडूच्या ओल्या देठाखाली चंद्रकोर. तीस तास पुरले. तेल, जुनं नाणं, दोन तास. गंज गेला, पण या वेळी खोल होता. रेघांचा काळेपणाही गेला. तिथे आता तांदळाएवढे दोन फिकट ठिपके आहेत.

आईला सांगितलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

सांगावं की नको अशी ही नोंद. ठिपके झाकायला एक ‘छोटासा’ प्रयोग केला. दाट इन्स्टंट कॉफीत पोलाद काळवंडतं, चाकू बनवणारे वापरतात. कापसाचा बोळा भिजवून आधी मुठीजवळच्या कोपऱ्यावर दोन तास ठेवला. तो कोपरा आता बाकी पात्यापेक्षा चांगलाच काळा आहे, आणि फिकट ठिपके जिथे होते तिथेच.

लोहाराला फोटो पाठवला आणि विचारलं, पूर्ण पातं परत फेरिक क्लोराइडमध्ये (रेघा उमटवणाऱ्या द्रावणात) घालून देतोस का? त्याचं उत्तर दोन ओळींचं. दर वेळी थोडं पोलाद कमी होतं, एवढ्यासाठी तो करणार नाही. आणि पुढचे सहा महिने तलवारीपासून लांब राहा.

शनिवार, १७ जानेवारी २०२६

सहा महिने जमणार नव्हतं, दहा आठवडे जमले.

ट्रंकेत ५२ टक्के. पुड्या हिरव्या झाल्या होत्या, ओव्हनमध्ये १२० अंशांवर तीन तास ठेवून परत नारिंगी केल्या. तेल जुनंच, पातळ आणि स्वच्छ. पुसून नवा हात दिला, इतका पातळ की बोट लावलं तर दिसू नये. (लावलं नाही.) पोवळं ठीक, पिरोजे निळे. म्यानाच्या शिवणीत केसभरही फट नाही. नवा गंज कुठेच नाही. एकूण अकरा मिनिटं.

लेक शेजारी बसला होता, हात पाठीमागे बांधून, कारण तशी अट आहे. अणीपाशी आकडे मोजत होता. मग फिकट ठिपक्यांकडे बोट लांबूनच रोखून म्हणाला, “आई, हे दोन आजीचे ना?”

पुढची पाहणी एप्रिलमध्ये.